निथळत ठेवलेलं

तेगू शहरातल्या एकशे चार नंबरच्या इमारतीचा
मी चौकीदार. गू मान-हो.
दर गुरुवारी संध्याकाळी पार्किंगच्या कडेला
पोती टांगतो: कागद, काच, पत्र्याचे डबे,
आणि पारदर्शक बाटल्यांचं अगदी वेगळं.
मग लोक उतरतात, सपाता घालून,
आणि आपापलं घर माझ्यासमोर ओततात.

नऊशे दोनची बाई सांगत फिरते,
नवऱ्याने दारू सोडली म्हणून.
बाटल्या मी मोजतो. बोलत नाही.

सातशे तीनचे पांग इन-सू, भूगोलाचे मास्तर,
बायको गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी
एकच काळी पिशवी घेऊन आले.
तिच्यात शेवयांचे डबे, किमचीचं पाणी,
भिजून लगदा झालेलं वर्तमानपत्र, माशाची हाडं.
म्हटलं, मास्तर, हे असं चालत नाही.
म्हणाले, हे सगळं ती बघायची.

पालथ्या बादलीवर बसवलं त्यांना.
बाटलीत आधी थोडं पाणी घ्या, हलवा, ओता.
लेबल सोला. पायाखाली चेपा, मग झाकण लावा.
दुधाचं खोकं कात्रीने उभं चिरा, विसळा,
दोरीवर रुमाल घालतो तसं निथळू द्या;
रद्दीत नाही, त्याचा गठ्ठा निराळा.
पिझ्झाचं तेलकट बूड फाडून इकडे, कोरडं झाकण तिकडे.
थर्माकोलची चिकटपट्टी काढायची. हो, सगळी.
उष्ट्याच्या बादलीत काय टाकायचं?
डुकराला जे चावेल, तेवढंच.
शिंपले, हाडं, अंड्याची टरफलं, पीचची कोय
त्याच्या दाताखाली जात नाहीत.

वहीत उतरवून घेत होते.
मध्येच पेन थांबलं: एवढं कशासाठी, गू?
मला हसू आलं.
भूगोल तुम्ही शिकवलात, मास्तर!
शहराबाहेर एक डोंगर आहे, तुमच्या नकाशात नसेल.
सहा वर्षं त्याच्यावर मी ट्रक रिकामे केले.
पाऊस झाला की त्याच्या पायथ्यातून
सोया सॉससारखं काळं पाणी यायचं.
त्यात अर्ध्याहून जास्त माल चांगला होता हो,
कागदाचा पुन्हा कागद, पत्र्याचा पुन्हा पत्रा झाला असता,
नुसतं कुणी विसळला नव्हता.
एक नासका आंबा अढी नासवतो,
तसा एक खरकटा डबा अख्खं पोतं घेऊन बुडतो.

कोपऱ्यात उष्ट्याचं यंत्र आहे.
कार्ड दाखवलं की झाकण उघडतं,
आणि एक बाई गोड आवाजात वजन सांगते.
सातशे तीन: एक किलो चारशे.
पुढच्या वेळी एक किलो तीनशे.
एकट्या माणसाचं एवढं?
महिनाभराने लक्षात आलं माझ्या.
तो अजून दोघांचा भात लावत होता.

त्याला सांगितलं नाही. काय सांगणार?
नववा हप्ता, दहावा.
बाटल्या आता काचेसारख्या लखलखीत,
खोक्यांचे गठ्ठे वहीच्या पानांसारखे.
आणि एका गुरुवारी ती बाई म्हणाली,
तीनशे वीस ग्रॅम.
मास्तर बराच वेळ झाकणाकडे बघत उभे राहिले.

त्याच रात्री एक बरणी घेऊन पुन्हा खाली आले.
काच स्वच्छ. वर कागद, बायकोच्या अक्षरात:
हिरवे प्लम, साखर, जून.
म्हणाले, लेबल निघत नाही.
तांदळाच्या कोमट धुवणात रात्रभर ठेवा, असं मी सांगायला हवं होतं.
नियमच आहे तो.
मी काचेच्या पोत्याचं तोंड आवळलं.
म्हटलं, चांगली बरणी आहे, हिला कचरा कोण म्हणतंय?

यंदा ऑक्टोबरात चौकीवर एक पेला आला,
आंबटगोड, जरा जास्तच गोड.
बरणी तीच, कागद तोच.
जूनच्या पुढे, वेगळ्या पेनने,
यंदाचं साल.

बाकी विशेष काही नाही.
नऊशे दोनच्या बाटल्या या आठवड्यात आल्या नाहीत.